बंद पडलेलं पळणं पुन्हा सुरू कसं करायचं? सोलापुरात वजन उतरवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचं काम बघते. राहायला जुळे सोलापुरात. वय ४४. सहा वर्षांपूर्वी माझं वजन ८२ किलो होतं आणि दोन मजले चढले की धाप लागायची. पळायला लागल्यावर ते ६८ वर आलं, मध्ये एकदा ७४ झालं, आता ७० च्या आसपास आहे. या सहा वर्षांत माझं पळणं नऊ-दहा वेळा तरी पूर्ण बंद पडलं. कॉलनीतल्या बायका, कारखान्यातली पोरं, माहेरच्या भावजया मला जे विचारतात तेच प्रश्न खाली आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं लिहिलंय.

पहिले पंधरा दिवस जोरात जातात, मग एकदम बंद. माझ्यात जिद्दच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडचं वर्षच बघा. जानेवारीत गड्डा यात्रा (सिद्धेश्वरांची जत्रा), संक्रांत, शेतावरचा हुरडा. मार्चपासून ऊन चढतं, एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश आणि त्यातच लग्नसराई. जूनमध्ये शाळा सुरू, डबे सुरू. मग वारी, श्रावणातले उपास, गणपती, नवरात्र, दिवाळीचा फराळ. यात वर्षभर सलग पळता येईल असा एकही तुकडा सापडत नाही. आपण मात्र ठरवताना असं ठरवतो की आजपासून रोज. पहिल्या लग्नातच ते मोडतं आणि आपण स्वतःला दोष देत बसतो.

मी आता खंड पडणार हे धरूनच चालते. वहीत दोनच गोष्टी लिहिते: शेवटचं कधी पळाले आणि परत कधी गेले. पहिल्या वर्षी हे अंतर कधी पाच, कधी सात आठवड्यांचं असायचं. आता आठ-दहा दिवसांच्या वर जात नाही. माझी खरी प्रगती ही आहे. काट्यावरच्या आकड्यापेक्षा मला या वहीचा जास्त अभिमान वाटतो.

याला थोडा शास्त्राचा आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर सवयीचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये छापून आला. नवी गोष्ट आपोआप घडायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे फिरतं, ते मनावर घेऊ नका. पंधरा दिवसांत सुटलं तर तुम्ही अजून सुरुवातीलाच होतात.

मग खंड पडल्यावर परत जाताना कुठून सुरू करायचं?

आठवडाभर सुटलं असेल तर होतं तिथूनच, फक्त पहिले दोन दिवस सावकाश. दोन-तीन आठवडे सुटलं असेल तर अंतर निम्मं. महिन्याच्या वर गेलं असेल तर सरळ चालणं-पळणं आलटून पालटून, नव्यानं सुरू केल्यासारखं. सुटलेले दिवस भरून काढायला जाऊ नका. "पंधरा दिवस बुडाले, आज आठ किलोमीटर मारतो" असं म्हणणारा आमच्या पॅकिंगमधला एक मुलगा पोटरी धरून तीन आठवडे घरी बसला.

आणखी एक. परत जायचा दिवस सोमवार नको, एक तारीख नको, पाडवा नको. उद्या.

मी कधीच पळालेलो नाही, वजन ९० च्या वर आहे. सुरुवात कशी करू?

आधी दोन-तीन आठवडे नुसतं भरभर चाला, रोज अर्धा तास. मग पाच मिनिटं चालून अंग गरम करा, १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. दर आठवड्याला पळण्याचा वेळ थोडा वाढवा आणि जड गेलं तर तोच आठवडा पुन्हा करा. सलग अर्धा तास पळायला मला चौदा आठवडे लागले. काहींना नऊ-दहा पुरतात.

वेग किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच. एका शब्दावरच धाप लागत असेल तर तुम्ही जास्त जोरात पळताय. नवीन माणूस नव्वद टक्के वेळा इथेच चुकतो, कारण त्याच्या डोक्यात शाळेतली शंभर मीटरची शर्यत असते. बाजूनं चालणारे आजोबा तुमच्या पुढे गेले तरी जाऊ द्या.

बूट बरे घ्या, बाकी कशावर खर्च नको. पळायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, म्हणजे आठवड्याला दहा किलोमीटर पळणाऱ्याला वर्षभर सहज.

पहाटे डोळाच उघडत नाही.

गजर लांब ठेवा वगैरे सगळेच सांगतात. मला उपयोग झाला तो रात्रीच्या तयारीचा. कपडे, मोजे, केसाचा रबर, घराची किल्ली सगळं न्हाणीघराच्या बाहेरच्या खुर्चीवर. पहाटे काहीही शोधावं लागता कामा नये. दिवा लावून कपाट उघडायची वेळ आली की माणूस परत अंथरुणात शिरतो.

दुसरं म्हणजे मी स्वतःशी फक्त दहा मिनिटांचा करार करते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचं आणि नको वाटलं तर परत यायचं. वर्षात चार-पाच वेळा मी खरंच परत आले आहे आणि तो दिवसही वहीत लिहिते. उत्साह येईल मग जाऊ, असं म्हणून बसलं तर तो येत नाही. माझा तरी दुसऱ्या किलोमीटरनंतर येतो.

रात्रपाळी करणाऱ्यांनी पहाटेचा हट्टच सोडावा. आधी झोप. पुरेशी झोप नसली की भूक वाढते, गोड-तळलेलं खावंसं वाटतं, आणि पळून जे मिळवलं ते तिथे जातं. संध्याकाळी पळालेले वीस मिनिटं तितक्याच कामाचे.

नळाला पाणी येतं त्या दिवशी काय करायचं?

सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळणार नाही, आपल्याला लगेच कळतो. इथे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याचा दिवस म्हणजे मोटार लावणं, टाकी, पिंप, हांडे, त्यात धुणं. त्या दिवशी पळायला जायचं ठरवून न गेल्याची खंत मी दोन वर्षं करत बसले. आता पाण्याचा दिवस हाच माझा सुट्टीचा दिवस. तसंही स्नायूंना सुट्टी लागतेच. पाणी भरून झाल्यावर जिन्यात दहा-पंधरा मिनिटं व्यायाम करते: पायरीवर चढ-उतार, भिंतीला हात लावून दंड, खुर्चीवरून उठबस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. आपल्या बायका तो दुसरा भाग सोडूनच देतात. पाण्याची वेळ बदलली तर माझा सुट्टीचा दिवसही बदलतो, त्याचं वाईट वाटून घेत नाही.

महिना झाला पळतोय, काटा हलतच नाही. मग उपयोग काय?

कागद घ्या आणि हिशेब करू, तो माझ्या कामाचाच भाग आहे.

एक किलोमीटर पळायला ढोबळमानानं तुमच्या वजनाइतक्या किलोकॅलरी लागतात. ८० किलोचा माणूस ३ किलोमीटर पळाला की साधारण २४०. आठवड्यातून तीनदा म्हणजे ७२०. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे आठवड्याला ९० ग्रॅमच्या आसपास, महिन्याला चारशे ग्रॅमच्या आसपास. तेसुद्धा खाणं जराही वाढलं नाही तर.

आता काट्याचं बघा. अंगातलं पाणी, मीठ, पोटातलं अन्न यामुळे एकाच माणसाचं वजन दिवसात एक-दीड किलो सहज खाली-वर होतं. नव्यानं व्यायाम करणाऱ्याचे स्नायू सुरुवातीला पाणी धरून ठेवतात, ते वेगळंच. त्या हेलकाव्यात तुमचे ९० ग्रॅम दिसणार कुठून? म्हणून रोज काट्यावर उभं राहून जीव जाळू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर बघा आणि चार आठवड्यांची सरासरी काढा. बायकांनी पाळीच्या आसपासचा आकडा तर धरूच नये, मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून बघावं.

कमरेचा घेर मात्र मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात. माझं वजन तीन महिने ७६ वर अडकलं होतं, तेव्हा घेर चार सेंटीमीटर उतरला होता. ब्लाउज ढिले झाले म्हणून शिवणाऱ्या ताईंनी विचारलं, तेव्हा मला कळलं.

थोडक्यात, वजन प्रामुख्यानं ताटातून उतरतं. पळण्यानं रक्तदाब, साखर, झोप, दम, मन सुधारतं आणि उतरलेलं वजन परत न चढायला फार मदत होते. ही दोन कामं वेगळी ठेवली की काटा न हलल्याचा राग पळण्यावर निघत नाही.

भाकरी सोडावी का? रात्री जेवण बंद करावं का?

भाकरी सोडू नका. ज्वारी आपली आहे, मंगळवेढ्याची मालदांडी जगात भारी, ती खाऊन पोट भरलेलं राहतं. मी तीनवरून दोन भाकऱ्यांवर आले आणि त्या जागी वाटीभर जास्तीची उसळ किंवा वरण घेतलं. मटकी, हुलगे, मूग, अंडी, ताक, दही यातलं काही ना काही प्रत्येक जेवणात असू द्या. प्रथिनं पुरेशी असली तर वजन उतरताना स्नायू कमी झिजतात आणि दोन तासांनी डब्याकडे हात जात नाही.

खरी गोष्ट शेंगाचटणीत आणि तेलात आहे, आणि मी ती जड मनानं लिहितेय. शेंगदाणे उत्तम आहेत, १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं. पण त्याच १०० ग्रॅममध्ये ५६० च्या वर किलोकॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे १७०. वर कच्चं तेल घातलं तर एका मोठ्या चमच्याला १२० च्या आसपास. तीन किलोमीटर पळून आलेलं सगळं एका भाकरीबरोबर भरून निघतं. चटणी सोडायची नाही, सोलापूरकरानं ती सोडलीच कशाला? डब्यातून थेट ताटात ओतायची नाही, चमच्यानं मोजून घ्यायची. दोन चमचे. कोरडी खायची किंवा दह्यात कालवायची.

आणि चहा. कारखान्यात माझे सहा चहा व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत खारी. आता दोन चहा, अर्धा चमचा. पहिल्या तीन महिन्यांत माझं जे उतरलं त्यातलं बरंचसं इथलंच होतं असं मला वाटतं.

रात्री उपाशी झोपलात तर दुसऱ्या दिवशी पळवणार नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर आहे.

गड्डा, लग्नं, हुरडा पार्टी, माहेरपण… तिथे कसं सांभाळायचं?

खा. मोजकं नाही, आनंदानं खा, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवा. एका जेवणानं कुणाचं वजन वाढत नाही. एका जेवणानंतर "आता बिघडलंच आहे" म्हणत पंधरा दिवस सोडून दिल्यानं वाढतं. हुरडा तर उलट चांगला, त्यासोबतचा गूळ, शेव आणि रेवड्या बेतानं.

गड्ड्याचं मला एक फार आवडतं. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड काठी, पेलणारे यात्रेच्या दिवशी अचानक काठी उचलत नाहीत. आधीपासून रोज सराव असतो, मग त्या दिवशी शहरातल्या ६८ शिवलिंगांच्या वाटेवर तो तोल सांभाळता येतो. लहानपणापासून आपण हे बघत आलोय. तरी पळताना आपल्याला पहिल्या महिन्यात सगळं हवं असतं.

एप्रिल-मेमध्ये पळायचं का?

पळायचं, पण हिवाळ्यातला हिशेब बाजूला ठेवून. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, मी सवापाचला घराबाहेर आणि सहाला घरात. घाम वाळून अंग थंड ठेवण्यात हृदयाला जास्त काम पडतं, त्यामुळे त्याच वेगाला जास्त दम लागतो. तुमचा दमसास गेलेला नसतो, हवा तापलेली असते. अंगाला उन्हाळ्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तोवर अंतर कमी आणि चालणं जास्त.

निघण्याआधी पेलाभर पाणी, आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक. तहान नसताना लिटरभर पाणी ढोसणंही बरं नाही, रक्तातलं मीठ उतरू शकतं. पळताना चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, अंगावर काटा येणं, यातलं काही झालं तर लगेच थांबून सावली गाठा आणि अंगावर पाणी ओता. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात आहे, वेळ न घालवता दवाखान्यात न्या.

ज्यांना एवढ्या पहाटे जमत नाही त्यांनी ते दोन महिने घरात दोरीउड्या, जिना, सूर्यनमस्कार करावेत. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की बाहेर या.

रस्त्यावर पळताना लोक बघतात. बाईमाणसानं कसं जायचं?

बघतात. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यानं विचारलं, "ताई, एवढ्या पहाटे कुठं निघालाव पळत? घरी सगळं बरं हाय ना?" त्यानं मनापासून काळजीनं विचारलं होतं. महिन्याभरात तोच हात करून पुढे जायला लागला. लोकांना नवं माणूस नवं वाटतं, रोजचं झालं की कुणी मान वळवत नाही.

मी पहिले दोन महिने पंजाबी ड्रेस आणि ओढणी बांधून पळाले, मग ट्रॅक पँट आणि लांब टी-शर्ट. ज्यात तुम्हाला मोकळं वाटतं ते घाला. अंतर्वस्त्र मात्र व्यायामाचंच घ्या, तिथे काटकसर नको. अंधारात एकट्या जाऊ नका. दोघी-तिघी जमल्या की भीती जाते आणि जायचंही चुकत नाही, कारण कोपऱ्यावर कुणीतरी वाट बघत असतं. आमच्या तिघींतल्या एक तेलुगू, एक कन्नड बोलणाऱ्या, पळता पळता तिन्ही भाषा चालतात. रविवारी आम्ही विजापूर रोडला कंबर तलावाकडे जातो, तिथे सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते आणि धीर येतो.

कुत्री मागे लागतात.

थांबा आणि चालायला लागा. पाठ करून पळू नका. ती गल्ली दोन-चार दिवस टाळा. चावलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका.

पळून गुडघे जातात म्हणे?

सासूबाई हेच म्हणायच्या. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले गेले. हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याची झीज साधारण ३.५ टक्के लोकांत दिसली, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत १३.३ टक्के. यावरून पळण्यानं गुडघे बरे होतात असं म्हणता येणार नाही, पण माफक पळण्याची भीती बाळगायचं कारण नाही. ज्यांचे गुडघे आधीच सुजतात किंवा अडकतात त्यांनी आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. नडगी किंवा टाच दुखायला लागली तर ते बहुधा घाई केल्याचं लक्षण असतं, आठवडाभर फक्त चाला.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारावं?

छातीत दुखणं, चक्कर, हृदयाचा आजार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन यातलं काही असेल तर नक्की. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पळताना एकदम उतरू शकते. त्यांनी डोस विचारून घ्यावा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. पळताना छातीत दडपल्यासारखं झालं तर त्याला पित्त समजू नका.

वजन उतरलं आणि परत वाढलं. पुन्हा सगळं करायची ताकद नाही.

माझं तिसऱ्या वर्षी झालं. बार्शीला आईचं खुब्याचं हाड मोडलं, मी चार महिने जाऊन-येऊन होते. पळणं बंद, जेवण मिळेल तेव्हा आणि मिळेल ते. ६८ चं ७४ झालं. काटा बघून मी तो पलंगाखाली ढकलला आणि तीन आठवडे काढला नाही.

वजन उतरलेल्या शरीराला आधीपेक्षा कमी लागतं आणि भूक मात्र जास्त लागते, हे शास्त्रात नीट माहीत असलेलं आहे. म्हणून परत चढणं सोपं असतं. तो तुमच्या स्वभावातला दोष धरू नका.

परत सुरुवात झाली ती ठरवून झाली नाही. आई काठी घेऊन अंगणात चालायला लागली होती, डॉक्टरांनी रोज दहा फेऱ्या सांगितल्या होत्या. ती एकटी जायला घाबरायची म्हणून मी सोबत चालायचे. चौथ्या दिवशी ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "माझ्या दहा झाल्या. तुझ्या किती?" चपला काढून मी अंगणातच पळायला लागले, ती मोजत होती. बारा फेऱ्या झाल्या. सोलापूरला आल्यावर वही काढली, मागची नोंद एकशे एकोणीस दिवसांपूर्वीची होती. त्याखाली तारीख घालून लिहिलं: बार्शी, अंगण, १२ फेऱ्या.